नुरा कुस्ती आणि चित्रातला घोडा

कुस्तीच्या आस्वादाविषयी समीक्षेच्या नियतकालिकात लिहायचे म्हणजे प्रारंभीच रोलाँ बार्थ यांचे नाव घेऊन विषयाला प्रतिष्ठा मिळवून द्यावी, असा एक सोयीस्कर प्रघात पडला आहे. बार्थ यांच्या ‘मिथॉलॉजीज’ (१९५७) या पुस्तकातील पहिलाच निबंध पॅरिसमधील व्यावसायिक कुस्त्यांवर आहे आणि त्यानंतर या विषयाकडे तुच्छतेने पाहण्याची सोय समीक्षकाला उरलेली नाही. प्रस्तुत लेखातही बार्थ येणार आहेत. परंतु ज्या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे तो त्यांच्या वाचनातून निर्माण झालेला नाही. तो येवल्यातल्या एका घरात, पैठणीच्या दोन मागांशेजारी ठेवलेल्या दूरचित्रवाणी संचासमोर निर्माण झाला. प्रश्न असा : जिचा निकाल आधीच ठरलेला आहे हे आपणांस ठाऊक आहे, अशा लढतीत रस घेणे हा रुचीचा दोष आहे, की नीतीचा, की तो दोषच नव्हे?

हे घर माझ्या मामांचे. मामा विणकर आणि कुस्तीचे जाणते शौकीन. स्वतः ते तालमीत फार काळ टिकले नाहीत, पण चैत्र-वैशाखात जत्रांचा हंगाम सुरू झाला की माग थांबवून ते आसपासच्या गावांतील मैदाने गाठत आणि मला बरोबर नेत. दुपारी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी सुरुवात व्हायची, हलगी कडाडत राहायची, इनामाचा आकडा चढत जायचा आणि दिवस कलल्यावर शेवटची जोड लागायची. मामांची रुची कठोर होती. वजनावर जिंकणारा मल्ल त्यांना आवडत नसे. अर्धा तास नुसती मानेवर पकड ठेवून उभ्या राहणाऱ्या जोडीची ते ‘खांब पुरलेत’ अशी संभावना करीत. ढाक किंवा कलाजंग सुटसुटीत लागली, अंगाने हलक्या मल्लाने भारी मल्ल पाठीवर घेतला, की त्यांचा चेहरा उजळे. कुस्ती निकाली हवी, हा त्यांचा पहिला निकष. आणि निकाल मैदानातल्या शेवटच्या रांगेतील माणसालाही कोणी न सांगता दिसला पाहिजे, हा दुसरा.

माझी रुची वेगळ्या मातीत रुजत होती. माती म्हणणेही चूकच. १९९० च्या दशकात केबलबरोबर डब्ल्यूडब्ल्यूएफ आमच्या गल्लीत आले आणि त्याच्यामागून ट्रम्प कार्डे आली. उंची, वजन, लढलेल्या लढती, जिंकलेल्या लढती असे आकडे छापलेली ती पत्ते-वजा कार्डे आम्हांस पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक पाठ होती. अंडरटेकर सात वेळा मरून परत आला आहे, ही माहिती देशातल्या असंख्य मुलांप्रमाणे येवल्यातल्या मुलांकडेही कोठून तरी पोचलेली होती. मला मात्र अंडरटेकरपेक्षा ब्रेट हार्ट अधिक आवडे. त्याच्या लढतीत एका डावातून दुसरा डाव निघाल्यासारखा दिसे. आज वाटते, ती मामांच्याच शिकवणीची खूण असावी. त्यांनी मात्र हे नाते कधी मान्य केले नाही. “नाटक आहे ते,” एवढेच ते म्हणत. मी एकदा धीर करून म्हणालो, “मामा, तुम्ही तमाशाला जाताच की.” त्यावर त्यांनी मागावरून मान वर न करता उत्तर दिले, “तमाशाला तमाशा म्हणून जातो.”

हे उत्तर त्या वेळी मला पळवाट वाटले होते. त्याचे वजन पुढे एका जत्रेत कळले. गावाचे नाव येथे आवश्यक नाही. शेवटची जोड मोठ्या इनामाची होती, मैदान भरलेले होते आणि वीस-पंचवीस मिनिटांच्या झटापटीनंतर एक मल्ल घिस्स्यावर चीत झाला. लोकांनी फेटे उडवले. मामा उठले, माझा हात धरला आणि रस्त्याला लागले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “पाठ टेकली नाही, टेकवली.” त्यानंतर कित्येक वर्षे ते जत्रेला गेले नाहीत. ती कुस्ती खरोखरच ठरलेली होती का, याचा पुरावा कोणाजवळही नव्हता; येथे महत्त्वाचे आहे ते त्यांचे दुःख. फसलेल्या गिऱ्हाइकाच्या रागापेक्षा ते वेगळे होते. इतकी वर्षे जे पाहिले त्याच्याविषयीच शंका उत्पन्न झालेल्या रसिकाचे होते.

मराठी भाषेने या अनुभवाला एक नेमका शब्द दिला आहे : नुरा कुस्ती. आज हा शब्द राजकीय स्तंभलेखनात अधिक भेटतो. सत्ताधारी आणि विरोधक यांचे भांडण लटके आहे असे म्हणायचे असले की तो वापरला जातो. शड्डू ठोकणे, चितपट करणे, अस्मान दाखवणे, आखाड्यात उतरणे हे वाक्प्रचार कुस्तीतून सार्वजनिक जीवनात आले, त्याच वाटेने ‘नुरा’ही आला, पण त्याच्याबरोबर एक नैतिक निवाडाही आला. याच्या उलट प्रवास ‘फ्रीस्टाइल’ या शब्दाने केला. १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधव यांनी कांस्यपदक मिळवले ते फ्रीस्टाइल कुस्तीत, म्हणजे वजनगट, वेळ आणि गुण यांच्या काटेकोर नियमांत बांधलेल्या प्रकारात. आपल्या वृत्तपत्रांत मात्र ‘फ्रीस्टाइल’ म्हणजे धरबंद नसलेली हाणामारी. ‘बसस्थानकावर दोन गटांत फ्रीस्टाइल’ असा मथळा आपण सहज वाचतो. माझ्या मते हा अर्थ मुंबईच्या दंगलींतून, म्हणजे दारासिंग आणि किंगकाँग यांच्या काळातील तमाशेवजा कुस्त्यांतून, भाषेत उतरला असावा. नियमबद्ध कुस्तीचे नाव बेबंद मारामारीला मिळाले आणि ते देणाऱ्या लढती बहुधा सर्वांत अधिक आखलेल्या होत्या, ही विसंगती भाषाभ्यासकाने जपून ठेवावी अशी आहे.

आता बार्थ. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे की व्यावसायिक कुस्ती हा खेळ नसून प्रेक्षणीय देखावा आहे. मुष्टियुद्धात प्रेक्षक निकालाची वाट पाहतो. येथे तो क्षणाक्षणाला उलगडणाऱ्या चिन्हांचा अर्थ वाचतो. दुःख, पराभव, नीचपणा, न्याय या सर्वांचे अर्थ मल्लाच्या देहावर ठळक अक्षरांत लिहिलेले असतात. लढत ठरलेली आहे की नाही, याची प्रेक्षकाला फिकीर नसते आणि तेच योग्य आहे. हे विश्लेषण आकर्षक आहे. परंतु बार्थ यांच्यासमोर मुष्टियुद्ध, जूडो आणि कुस्ती असे वेगवेगळ्या नावांचे वेगवेगळे प्रकार होते. आपल्याकडे जत्रेतली कुस्ती, गादीवरची कुस्ती आणि दूरचित्रवाणीवरची कुस्ती या तिन्हींना एकच शब्द आहे. त्यामुळे ‘प्रेक्षकाला फिकीर नसते’ हे विधान आमच्या घरात निम्मेच खरे होते. मला फिकीर नव्हती. मामांना होती. आणि आम्ही दोघेही प्रेक्षक होतो.

या ठिकाणी बार्थ यांच्यापेक्षा श्रीशंकुक अधिक उपयोगी पडतो. नटाला राम समजणाऱ्या प्रेक्षकाच्या प्रतीतीचे स्वरूप सांगताना त्याने चित्रतुरगाचा दृष्टान्त योजला, तो ‘अभिनवभारती’मुळे आपल्यापर्यंत आला आहे. चित्रातला घोडा पाहून ‘हा घोडा’ असे आपण म्हणतो. हे ज्ञान सम्यक् नव्हे, मिथ्या नव्हे, संशयरूप नव्हे आणि ‘घोड्यासारखे काहीतरी’ असे सादृश्यरूपही नव्हे. या चारांहून वेगळी अशी ती प्रतीती आहे. अभिनवगुप्ताने शंकुकाची रसविषयक उपपत्ती स्वीकारली नाही, हे खरे. पण उपपत्ती नाकारली म्हणून दृष्टान्त निकामी होत नाही. ब्रेट हार्टची लढत पाहताना मला होणारी प्रतीती नेमकी अशी होती. ‘हे खरे आहे’ असे मला वाटत नव्हते, ‘हे खोटे आहे’ असेही वाटत नव्हते. आणि कोणी मला त्या दोहोंतले एक निवडायला लावले की रसभंग होत असे.

नुरा कुस्ती मात्र चित्रतुरग नव्हे. चित्रातला घोडा जिवंत म्हणून बाजारात विकण्याचा तो प्रकार आहे. तेथे प्रेक्षकाला सम्यक् ज्ञानाचे आश्वासन दिलेले असते आणि हातात मिथ्या ज्ञान ठेवले जाते. येवल्यात राहणाऱ्याला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. हातमागावरच्या पैठणीचा पदर उलटला तरी मागचे काम पुढच्यासारखेच स्वच्छ दिसते; जॅकार्डवर काढलेल्या नकलेच्या पाठीमागे सुटे धागे लोंबत असतात. अशी साडी ‘सेमी पैठणी’ म्हणून विकली तर त्यात पाप नाही. लग्नाच्या बस्त्यात तिलाही जागा असते. तीच हातमागाची म्हणून विकली की लबाडी झाली. साडी एकच, नक्षी एकच. बदलले ते विकणाऱ्याचे वचन. ‘तमाशाला तमाशा म्हणून जातो’ या वाक्याचा अर्थ हाच होता. रुचीची नीती वस्तूच्या खरेपणावर अवलंबून नसते, वस्तूविषयी दिलेल्या आणि घेतलेल्या वचनावर असते.

पण हा निष्कर्ष वाटतो तितका निर्वेध नाही. पहिली अडचण इतिहासाची. दारासिंग यांनी १९६८ साली मुंबईत लू थेझ यांना हरवून जगज्जेतेपद मिळवले, तेव्हा जमलेल्या प्रेक्षकांना नेमके कोणते वचन दिले होते? त्या पिढीतली माणसे ‘ते सगळे ठरलेले असायचे’ आणि ‘दारासिंग खरा पहिलवान होता’ ही दोन्ही विधाने एका श्वासात करतात आणि त्यांना त्यात विसंगती वाटत नाही. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्याच देहाने दूरदर्शनच्या ‘रामायणा’त हनुमान साकारला, तेव्हा तर प्रश्नच मिटला. अमेरिकेत हे वचन बोलून दाखवण्याची वेळ आली ती १९८९ मध्ये, आणि तीही नीतीच्या नव्हे तर पैशाच्या कारणाने : क्रीडा-नियामकांचे नियंत्रण आणि कर टाळता यावेत म्हणून डब्ल्यूडब्ल्यूएफने न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे ‘आमची कुस्ती ही स्पर्धा नसून मनोरंजन आहे’ अशी भूमिका घेतली. म्हणजे माझ्या लहानपणी, जेव्हा आम्ही कार्डावरचे ‘जिंकलेल्या लढती’चे आकडे घोकत होतो तेव्हा, वचन अधिकृतपणे बदललेले होते, फक्त ते आमच्यापर्यंत पोचले नव्हते. ट्रम्प कार्डावर कोणी ‘सेमी’ असे छापलेले नव्हते.

दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. मामांची ‘खरी’ कुस्ती तरी प्रयोगापासून मुक्त होती का? बाराव्या शतकातील सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त मल्लांच्या प्रती, त्यांचा आहार, व्यायाम आणि लढती यांचे वर्णन येते ते ‘मल्लविनोद’ या नावाखाली, राजाच्या करमणुकींच्या प्रकरणांत. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये पूर्ण करून घेतलेले कोल्हापूरचे खासबाग मैदान तर प्रेक्षकाच्या डोळ्यासाठीच घडवलेले आहे. वाडग्यासारख्या उतरत्या जमिनीवर कोठेही बसले तरी हौदा दिसतो. हलगीचा ठेका, रेवड्यांपासून शेवटच्या इनामापर्यंत चढत जाणारा क्रम, मातीला केलेला नमस्कार ही सर्व रचना आहे, आणि रचना आहे म्हणून ती खोटी ठरत नाही. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला नाशिककडून खेळणाऱ्या हर्षवर्धन सदगीर यांनी शैलेश शेळके यांना ३-२ असे हरवून ‘महाराष्ट्र केसरी’ किताब मिळवला आणि लगेच त्या पराभूत प्रतिस्पर्ध्याला खांद्यावर उचलून घेतले. दोघे एकाच वस्तादाचे, काका पवार यांचे पठ्ठे. लढत खरी होती आणि तिच्यानंतरचे ते दृश्यही खरे होते. तरी लोकांच्या स्मरणात राहिले ते दृश्य, गुण नव्हेत. बार्थ यांनी ज्याला वाचनीय चिन्ह म्हटले असते असे काही तेथे घडले, आणि ते कोणी आधी लिहून ठेवलेले नव्हते.

याच्या उलट, खऱ्या स्पर्धेचा निकाल मात्र दिवसेंदिवस अवाचनीय होत चालला आहे, असे खेदाने म्हणावे लागते. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत गादीवरच्या लढतीत शिवराज राक्षे चितपट झाल्याचा निर्णय पंचांनी दिला आणि पृथ्वीराज मोहोळ विजयी ठरले. राक्षे यांना तो मान्य नव्हता. गोष्ट पंचांना लाथ मारण्यापर्यंत गेली आणि त्यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली. कोण बरोबर होते हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. लक्षात घ्यायचे ते असे की दोन्ही खांदे टेकले की नाही, ही कुस्तीतली सर्वांत साधी आणि सर्वांत जुनी खूण. तीही आता हजारो डोळ्यांसमोर घडून संशयात राहते आणि लोक चित्रफीत थांबवून थांबवून आपापला निकाल लावतात. मामांचा दुसरा निकष, शेवटच्या रांगेला न सांगता दिसण्याचा, ठरलेली कुस्ती बिनचूक पाळते. खरी कुस्ती तो पाळू शकेलच असे नाही. सुबोधता हा सत्याचा गुण नसून रचनेचा गुण आहे, असे यावर कोणी म्हणेल. साहित्याच्या अभ्यासकांना हे नवीन नाही. तरीही मामांसारखा रसिक दोन्हींची एकाच वेळी अपेक्षा करीत होता आणि त्याची अपेक्षा अडाणी होती असे मला म्हणवत नाही.

तिसरी अडचण माझ्या वर्गात उभी राहिली. पदव्युत्तर वर्गाला चित्रतुरगन्याय शिकवताना मी नेहमीप्रमाणे कुस्तीचे उदाहरण दिले. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी, नियमाने तालमीत जाणारा, उठून म्हणाला, “सर, चित्रातला घोडा पडत नाही. ठरवून घेतलेला डाव लागतोच की.” त्या दिवशी मी त्याला काहीतरी उत्तर दिले. ते अपुरे होते.

ज्या नाट्यपरंपरेने हा दृष्टान्त दिला तिने युद्ध आणि मृत्यू यांचे रंगमंचावर प्रत्यक्ष दर्शन वर्ज्य मानले होते; या निषेधाकडे आपण बहुधा अभिरुचीचा संकेत म्हणून पाहतो. व्यावसायिक कुस्तीच्या संदर्भात त्याचा निराळा अर्थ लागतो. रामाची भूमिका करणारा नट वनवासात जात नाही. परंतु २८ जून १९९८ रोजी पिट्सबर्गमध्ये अंडरटेकरने मिक फोलीला सुमारे १६ फूट उंच पिंजऱ्याच्या छतावरून खाली फेकले, तेव्हा लढतीचा निकाल ठरलेला होता आणि पडणे मात्र पडणेच होते. येथे भूमिका आणि भूमिका करणारा यांच्यातले अंतर, ज्यावर आपले सर्व आस्वादशास्त्र उभे आहे, शरीराच्या पातळीवर नाहीसे होते. रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) सौंदर्यसंकल्पनेला लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव आहेत असे दाखवले आणि आपल्याकडची चर्चा पुष्कळ अंशी त्या दोन ध्रुवांमध्ये फिरत राहिली. कुस्तीच्या बाबतीत हे ध्रुव दोन पंथांत विभागलेले नाहीत, ते एकाच मणक्यात आहेत. कथानक अलौकिक, मणका लौकिक.

माझ्या रुचीला ज्याची लाज वाटावी असा प्रसंग येथेच आहे. २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटी येथे ब्रेट हार्टचा धाकटा भाऊ ओवेन हार्ट छतावरून दोरीने उतरण्याच्या देखाव्यात खाली कोसळला आणि मरण पावला. दूरचित्रवाणीवर बोलणाऱ्या समालोचकाला, हा करमणुकीचा भाग नाही, असे प्रेक्षकांना सांगावे लागले. सभागृहातल्या लोकांना मृत्यूची वार्ता दिली गेली नाही आणि कार्यक्रम पुढे चालू राहिला. शंकुकाने नाकारलेल्या चारही ज्ञानप्रकारांत प्रेक्षक एकाच रात्री फिरून आला असणार. मला ही बातमी उशिरा कळली. मी तेव्हा महाविद्यालयात होतो, वाईट वाटले, आणि पुढच्या आठवड्यात मी पुन्हा संचासमोर बसलो. लढती ठरलेल्या असतात हे माहीत असूनही पाहणे यात मला आजही दोष दिसत नाही. पण त्या आठवड्यात मी जे पाहिले ते ‘ठरलेले’ आहे या ज्ञानाचा उपयोग मी काळजी न करण्यासाठी केला. नाटक आहे, म्हणजे लागत नाही. अलौकिकतावादाचा इतका सोयीस्कर वापर एखाद्या समीक्षकाने केला असता तर मी त्याच्यावर लेख लिहिला असता.

त्याच्या दीड वर्ष आधीचा, ९ नोव्हेंबर १९९७ चा माँट्रियलचा प्रसंग चाहत्यांच्या स्मृतीत याहून अधिक ठसलेला आहे, आणि तो का ठसला आहे याचा विचार या संदर्भात करण्यासारखा आहे. ब्रेट हार्ट कंपनी सोडून जाणार होता. शॉन मायकेल्सबरोबरची त्याची लढत कशी संपवायची हे ठरलेले होते. मालक व्हिन्स मॅकमहन यांनी त्याला न सांगता ऐनवेळी घंटा वाजवायला लावली आणि तो हरल्याचे जाहीर केले. म्हणजे ठरलेल्या कुस्तीत फसवणूक झाली ती प्रेक्षकाची नव्हे, मल्लाची. नुरा कुस्तीचे हे नेमके उलटे रूप. तेथे दोन मल्ल संगनमत करून प्रेक्षकाला फसवतात. येथे प्रेक्षकासमोर एका मल्लाला फसवले गेले. चाहते संतापले, आणि त्यांच्या संतापावरून एक गोष्ट सिद्ध होते : ‘सगळे खोटेच आहे’ असे मानणाऱ्याला कोणी फसवले गेल्याचे दुःख होऊ शकत नाही. वचनाचा करार प्रेक्षक आणि मालक या दोघांतच नसतो; ज्याचे अंग पणाला लागते तो त्यातला तिसरा पक्ष असतो. मामांच्या सूत्रात हा तिसरा पक्ष नव्हता. साडीला मणका नसतो, म्हणून माझा पैठणीचा दृष्टान्तही येथपर्यंतच येतो. विद्यार्थ्याला मी हे सांगायला हवे होते.

मामा आता ऐंशीच्या घरात आहेत. माग मुलाने चालवायला घेतला आहे आणि दुपारी नातवाबरोबर ते जे लागेल ते पाहतात. त्यात डब्ल्यूडब्ल्यूई असते. नुराची ती जत्रा त्यांना आठवते, तिचा राग आता राहिलेला नाही. गेल्या दिवाळीत मी गेलो तेव्हा पडद्यावर एक मल्ल दोरावरून बाहेर टेबलावर कोसळला, टेबल मोडले, नातू हसला. मामांनी मला विचारले, “लागलं का रे त्याला?”

खरे आहे का, असे त्यांनी विचारले नाही. मी म्हणालो, “लागलं असणार, मामा.” त्यांनी नातवाला आवाज थोडा कमी करायला सांगितले आणि ते पुढची कुस्ती पाहू लागले.